उस्मानी धनुष्याची घडण
अखंड लाकडाचे धनुष्य वाकवले की त्याची पाठ, म्हणजे तिरंदाजापासून दूर असलेली बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे त्याच्याकडची बाजू, दाबली जाते. हे दोन्ही भार एकाच लाकडावर पडत असल्याने धनुष्य आखूड करून फार वाकवले तर ते मोडते. घोडेस्वाराला मात्र आखूड धनुष्यच सोयीचे असते. मध्य आशियातील अश्वारूढ जमातींनी यातून काढलेली वाट म्हणजे संयुक्त धनुष्य : दाब सोसणाऱ्या पोटाला शिंग, ताण सोसणाऱ्या पाठीला जनावराच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, आणि दोहोंना धरून ठेवण्यापुरते मध्ये लाकूड. या विद्येला सर्वाधिक नेमकेपणा आला तो उस्मानी इस्तंबूलमध्ये.

तिथला कारागीर मेपलच्या लाकडाचे तुकडे पाचरीसारख्या सांध्यांनी जोडून गाभा तयार करी. त्यावर म्हशीच्या शिंगाच्या लांब पट्ट्या बसत; पण त्याआधी दात असलेल्या रंध्याने शिंग आणि लाकूड या दोहोंवर उभ्या बारीक खाचा पाडल्या जात, म्हणजे एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खोबणीत बसून सरसाला चिकटण्यास जास्त पृष्ठभाग मिळे. मुठीपाशी जिथे दोन्ही शिंगांची टोके भेटत, तिथे हाडाची किंवा हस्तिदंताची एक अरुंद चकती बसवत. शिंगासाठीचा सरस डॅन्यूब नदीतील स्टर्जन माशाच्या टाळूच्या कातडीपासून काढलेला असे. गुरांच्या पायांतील कंडरा वाळवून, कुटून आणि विंचरून त्यांचे तंतू सुटे केले जात आणि सरसात भिजवून पाठीवर थरांनी बसवले जात. त्यानंतर धनुष्य उलट्या दिशेला वळवून त्याची टोके जवळ आणून बांधून ठेवीत, आणि त्याच अवस्थेत ते कित्येक महिने वाळत राही.

या कामाचा खरा कस सरसात होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. सरस थंड हवेत सावकाश सुकतो आणि कारागिराला हात फिरवायला अवधी देतो, पूर्ण वाळण्यासाठी मात्र त्याला कोरडी उष्ण हवा लागते. त्यामुळे कारखान्याचे वेळापत्रक ऋतूंवर बेतलेले असे. तयार धनुष्याचा शत्रूही ओलावाच, म्हणून त्यावर चामडे किंवा बर्चची साल चढवून रोगण दिले जाई. हिंदुस्थानातही मोगल अमदानीत अशीच धनुष्ये घडवली जात; पण पावसाळ्याच्या दमट हवेत सरस सुटण्याचा धोका असल्याने, शस्त्रागारात वर्षानुवर्षे ठेवता येतील अशी पोलादी धनुष्येही इथे बनवली गेली. ती बाण तितक्या वेगाने फेकत नसत, हा त्यांचा दोष पत्करूनच.

इस्तंबूल 1453 मध्ये जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदने शहराबाहेर ओकमेयदानी हे तिरंदाजीचे मैदान राखून ठेवले. तिथे 900 गझ, म्हणजे सुमारे 590 मीटर, बाण फेकणाऱ्यालाच तिरंदाज म्हणून अधिकृत मान्यता मिळे, आणि विक्रमी बाण जिथे पडे तिथे दगडी स्तंभ उभारला जाई. हा पल्ला केवळ दंतकथा नव्हता, याचा दाखला युरोपातही मिळाला : 18व्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील उस्मानी वकिलातीचा चिटणीस महमूद एफेंदी याने इंग्रज तिरंदाजांसमोर 482 यार्ड, म्हणजे सुमारे 440 मीटर, बाण फेकला. त्यांची स्वतःची लाकडी धनुष्ये त्याच्या जवळपासही पोहोचत नव्हती.

तोवर रणांगणावर बंदुकीने धनुष्याला केव्हाच मागे टाकले होते. ते टिकले होते खेळ आणि दरबारी प्रतिष्ठा म्हणून. स्वतः तिरंदाज असलेल्या सुलतान दुसऱ्या महमूदने (कारकीर्द 1808–1839) ही विद्या लिहून ठेवण्याचे काम मुस्तफा कानी याच्याकडे सोपवले आणि त्याचा ग्रंथ 1847 मध्ये छापला गेला. राजाश्रय आटल्यावर कारागिरांची परंपरा विसाव्या शतकात जवळपास तुटली. पण त्याच ग्रंथाच्या आधारे योआखिम हाइन याने जर्मनमध्ये लिहिले आणि त्यावरून पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1934 मध्ये तुर्की धनुष्यावरचे आपले इंग्रजी पुस्तक सिद्ध केले.