वत्सगुल्म, बासिम, वाशीम

"तू नक्की करतेस काय?" हा प्रश्न मला आजवर झाडून सगळ्या मावश्यांनी, आत्यांनी आणि एका भाचीच्या सासूबाईंनीसुद्धा विचारलाय. डॉक्टर, मास्तर, वकील म्हटलं की लोकांना कळतं. मी मात्र गावोगाव जाऊन दुकानदार, शाळावाले, बचत गटाच्या बायका यांच्यासमोर बोलते. वेबसाइट कशासाठी करायची, तिच्यावर काय लिहायचं आणि गूगलवर ती सापडावी म्हणून काय करायचं, याचे वर्ग घेते. या शेवटच्या भागाला धंद्यात 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' म्हणतात, लाडानं एसईओ. एवढं सांगितलं की समोरचं माणूस "बरं बरं" म्हणतं आणि चहा पुढे करतं.

म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. आणि लिहायचं तर आपल्या वाशीमच्या इतिहासातूनच. कारण ही सगळी विद्या एका वाक्यात मावते: शोधणारा ज्या नावानं हाक मारेल, त्या नावाला ओ देता आली पाहिजे. आपल्या गावाला तर निदान तीन नावांना ओ द्यावी लागते.

पहिलं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटक घराण्यातल्या सर्वसेनानं इथे वेगळी गादी स्थापन केली. याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही सर्वांत देखणी लेणी खोदली गेली. त्याचा मंत्री वराहदेव, त्याचा शिलालेख सोळा क्रमांकाच्या लेण्यात आहे. विद्वानांना तो एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. पण त्यात सर्वसेनाचं नाव नीट लागलं नव्हतं, त्यामुळे अशी निराळी शाखा होती हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. १९३९ साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. त्यात वंशावळ होती आणि तो वत्सगुल्माहून दिल्याचं लिहिलेलं होतं. वा. वि. मिराशींनी मग अजिंठ्याचा लेख नव्यानं तपासला, आणि दोन्हीकडच्या नावांचा मेळ बसला.

मला हे फार विलक्षण वाटतं. मजकूर डोळ्यांसमोर, दगडात कोरलेला, कुठेही गेलेला नाही. तरी एक नाव लागेना म्हणून एक अख्खं राजघराणं सापडत नव्हतं! माझ्या वर्गात मी हीच गोष्ट आधी सांगते. वेबसाइट असणं निराळं आणि सापडणं निराळं, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

वत्सगुल्माचं प्राकृतात वच्छोम झालं. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त 'वच्छोमी' हे वैदर्भी रीतीचं नाव येतं, ते याच गावावरून. पुढे इंग्रज आले आणि त्यांच्या कागदांत झालं बासिम. बासिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि त्याचे तालुके अकोला नि यवतमाळ यांच्यात वाटले गेले. पुसद यवतमाळकडे गेलं. म्हणजे पुसदकडच्या एखाद्या घराण्याचे जुने कागद कुणी 'यवतमाळ' म्हणून शोधत बसला, तर हाती काही लागणार नाही. त्यानं 'बासिम'च म्हणायला हवं.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. गंमत बघा, त्याच वर्षी सप्टेंबरात तिकडे अमेरिकेत गूगल कंपनीची नोंदणी झाली. आपला जिल्हा गूगलपेक्षा दोन महिन्यांनी मोठा!

माझा धंदाही साधारण त्याच सुमाराचा. डॅनी सुलिव्हन या पत्रकारानं १९९७ मध्ये शोधयंत्रांवर 'सर्च इंजिन वॉच' हे संकेतस्थळ काढलं आणि १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला या विषयाची परिषद भरवली. तेव्हापासून यावर व्यासपीठावर उभं राहून बोलणारी माणसं तयार झाली. सुरुवातीच्या युक्त्या मात्र पोरकट होत्या. पानात न दिसणारे शब्द कोंबायचे, एकच शब्द पन्नासदा लिहायचा. गूगलनं निराळा विचार केला: पान स्वतःबद्दल काय सांगतं त्यापेक्षा पंचक्रोशीतले लोक त्याच्याबद्दल काय सांगतात ते पाहायचं. म्हणजे दुसऱ्या किती आणि कसल्या पानांनी त्याचा दुवा दिलाय, ते मोजायचं. सोयरीक जुळवताना आपण वेगळं काय करतो?

पण आपल्या मराठीची अडचण याच्याही आधीची होती. आपण जे लिहीत होतो ते यंत्राच्या लेखी मराठीच नव्हतं. जुन्या फाँटांत देवनागरीची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. कृतिदेव फाँटमध्ये 'भारत' लिहा, पडद्यावर भारत दिसेल, पण संगणकाच्या पोटात असेल एच-के-के-जे-आर. असं लेखन शोधणार कोण आणि कसं? वर्तमानपत्रांची पहिली मराठी संकेतस्थळं अशाच फाँटांत होती. मग युनिकोड आलं, विंडोज २००० मध्ये 'मंगल' फाँट आला, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये मनोगत. आणि मंडळी, तुमच्यामाझ्यासारख्यांनी रात्री जागून ब्लॉग लिहिले. मराठी शोधता येते ती या खटाटोपामुळे.

वाशीम जिल्ह्यात वर्ग घेताना नावांचा घोळ पावलोपावली भेटतो. व्याकरणाच्या नियमानं वाशीम दीर्घ, सरकारी लेखनात वाशिम ऱ्हस्व. आपलं मालेगाव शोधलं की नाशिकचं पुढे येतं. शिरपूर म्हटलं की धुळ्याचं. म्हणून अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या गावाला 'शिरपूर जैन' असं पूर्ण म्हणायचं. कारंजा वर्धा जिल्ह्यातही आहे, म्हणून आपलं ते 'कारंजा लाड'. आपल्या वाडवडलांनी गावांना जोडनावं दिली ती यासाठीच, पाहुण्याची बैलगाडी भलत्या गावी जाऊ नये म्हणून. पोहरादेवीला तेलंगणातून, कर्नाटकातून बंजारा भाविक येतात, ते मराठीत कशाला शोधतील? तिथल्या लॉजवाल्याची माहिती तेलुगूत आणि कन्नडातही हवी.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की आपल्या घरात एक कुलवृत्तान्त आहे. धाकट्या काकांनी तो वर्षानुवर्षं खपून टाइप केला, पण जुन्या फाँटमध्ये. माझ्या मशीनवर तो उघडला की नुसती कचऱ्यासारखी अक्षरं दिसतात. चारशेच्या वर माणसं त्यात आहेत, आणि एकही सापडत नाही. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं, २०१४ मध्ये ऑर्कुट. तिथे लोकांनी लिहिलेलं बरंचसं त्यांच्याबरोबर गेलं. २०२४ पासून तर गूगल पुष्कळ प्रश्नांना वरच्या वर आपणच जुळवलेलं उत्तर देतं. ते जुळवतं जे वाचता येतं त्यातून. वाचता न येणारं त्याच्या लेखी घडलेलंच नसतं.

मी तो युनिकोडमध्ये बदलायला घेतलाय. अक्षरं बदलायला साधनं आहेत, ते काम होईल. पण काकांनी बायकांची फक्त सासरची नावं लिहिलीत. माहेरची नावं, माहेरचं गाव, घरात ज्या नावानं हाक मारत ते नाव, यातलं काहीच नाही. हे कुठल्या यंत्राला ठाऊक नाही, ते तुम्हालाच ठाऊक आहे. आत्या, मावश्यांनो, तुमच्या आजीला माहेरी काय म्हणत? आठवेल तसं कळवा, खाली प्रतिक्रियेत लिहा किंवा फोन करा. आठवतंय तोवर.