महाकाय ग्रहांची चुंबकांबरे : प्रस्तावना

पृथ्वीच्या ध्रुवप्रदेशांत रात्री झळकणारा हिरवा-तांबडा प्रकाश हा मुळात सूर्याचा व्यवहार आहे. सौर वारा पृथ्वीच्या चुंबकांबरावर, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखालील प्रदेशावर, आदळतो, तेथे ऊर्जा साठते, आणि ती सुटली की वेगवान इलेक्ट्रॉन बलरेषांवरून खाली उतरून वातावरणातील ऑक्सिजन-नायट्रोजन उजळवतात. गुरूपाशी पोहोचेपर्यंत हा वारा पंचवीस पटींहून अधिक विरळ झालेला असतो. तरीही सूर्यमालेतील सर्वांत प्रखर ध्रुवीय प्रकाश गुरूवर आहे, आणि तो कधी विझत नाही. एवढी ऊर्जा येते कोठून, या प्रश्नातून ही अभ्यासशाखा वाढली. गुरूचे चुंबकांबर मुख्यतः ग्रहाच्या स्वतःच्या फिरण्यावर आणि त्याच्या चंद्रांनी पुरवलेल्या द्रव्यावर चालते, हे तिचे मध्यवर्ती उत्तर.

सुरुवात रेडिओ दुर्बिणीपासून झाली. 1955 मध्ये वॉशिंग्टनजवळ बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांच्या नोंदींत वारंवार एक खरखर उमटू लागली. प्रथम जवळपासच्या एखाद्या गाडीचा व्यत्यय असावा अशी शंका आली. पण खरखरीचा उगम ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर गुरूबरोबर सरकत होता. 1964 मध्ये ई. के. बिग यांनी दाखवले की या रेडिओ-स्फोटांची वेळ आयो या चंद्राच्या कक्षेतील स्थानाशी बांधलेली आहे. एक लहानसा चंद्र एवढ्या मोठ्या ग्रहाला बोलते कसे करतो, याचा उलगडा 1979 मध्ये व्हॉयेजर 1 ने आयोवरचे धुमसते ज्वालामुखी दाखवल्यावर होऊ लागला.

आयोपासून दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य, प्रामुख्याने गंधक आणि ऑक्सिजन, अवकाशात निसटते. त्यातील बराच भाग आयनीभूत होतो आणि त्या क्षणापासून गुरूच्या चुंबकीय क्षेत्राचा बंदी बनतो. गुरू दहा तासांहून थोड्या कमी वेळात स्वतःभोवती फिरतो आणि क्षेत्राबरोबर या प्लाझ्मालाही फिरवतो. प्लाझ्मा बाहेर पसरत जातो तसा त्याला ग्रहाची गती राखणे जमेनासे होते. तो मागे पडतो, बलरेषा वाकतात, आणि त्यांच्यावरून विद्युतप्रवाह वाहू लागतात. ग्रह आपल्या भ्रमणऊर्जेचा अंश खर्चून या मागे पडणाऱ्या प्लाझ्माला ओढत असतो. 1979 मध्ये थॉमस हिल यांनी मांडलेला हा विचार 2001 च्या सुमारास गुरूच्या मुख्य प्रकाशवलयाशी जोडला गेला.

आयो आणि गुरू यांच्या नात्याचा सर्वांत बोलका पुरावा जंबुपार छायाचित्रांत आहे. आयो आपल्या कक्षेत सेकंदाला 17 किलोमीटर वेगाने जातो. त्याच अंतरावरचा प्लाझ्मा 74 किलोमीटर वेगाने मागून येऊन त्याला गाठतो. या अडथळ्यातून उठलेले अल्फ्वेन तरंग (प्लाझ्मातील बलरेषांच्या कंपनाचे तरंग) बलरेषांवरून ध्रुवांकडे धावतात आणि गुरूच्या वातावरणात एक तेजस्वी ठिपका उमटवतात. त्या ठिपक्यामागे लांब शेपूट असते. आयो पुढे सरकला की ठिपकाही सरकतो. युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्या इतर चंद्रांच्याही अशा पाऊलखुणा ओळखता येतात.

इतर महाकाय ग्रह याच नियमांची वेगळी रूपे दाखवतात. शनीला द्रव्य पुरवतो तो त्याचा चंद्र एन्सेलॅडस, आपल्या पाण्याच्या फवाऱ्यांतून. युरेनसचा चुंबकीय अक्ष भ्रमण-अक्षाशी सुमारे 59 अंशांचा आणि नेपच्यूनचा सुमारे 47 अंशांचा कोन करतो, त्यामुळे त्यांची चुंबकांबरे दर फेरीत कलंडत राहतात. त्या दोघांना जवळून पाहिले ते एकट्या व्हॉयेजर 2 ने, 1986 आणि 1989 मध्ये.

ध्रुवीय प्रकाश चंद्राच्या आतलेही सांगतो. गॅनिमीडला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. गुरूच्या बदलत्या क्षेत्रामुळे त्याची प्रकाशवलये जितकी हेलकावायला हवीत, त्याहून कमी हेलकावतात, असे हबल दुर्बिणीला दिसले. बर्फाखाली खाऱ्या, विद्युतवाहक पाण्याचा समुद्र असल्याचे ते लक्षण, असा निष्कर्ष 2015 मध्ये जाहीर झाला.

ही शाखा पूर्ण झालेली नाही. 2016 पासून गुरूच्या ध्रुवांवरून जाणाऱ्या जुनो यानाला खाली उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनांबरोबर वर जाणारेही आढळले. त्यामुळे आधी सांगितलेले प्रवाहांचे चित्र एकट्याने पुरे पडत नाही. इलेक्ट्रॉनांना वेग देण्यात तरंगांचा वाटा किती, यावर आज जोमाने काम चालू आहे. 2023 मध्ये निघालेले जूस यान 2031 मध्ये गुरूपाशी पोहोचेल आणि पुढे गॅनिमीडभोवती फिरेल.

मराठी विद्यार्थ्याला हे क्षेत्र दूरचे वाटू नये. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने गुरूच्या प्रारण-पट्ट्यांतून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या आहेत. महाकाय ग्रहांच्या ध्रुवीय प्रकाशाचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक पायाभूत आढावा अनिल भारद्वाज या भारतीय शास्त्रज्ञाने रँडी ग्लॅडस्टोन यांच्यासह लिहिला आहे. जुनोची मोजमापे सर्वांना विनामूल्य खुली आहेत. पदवीच्या वर्गातले विद्युतचुंबकत्व नीट समजलेल्या कोणालाही येथे प्रवेश आहे. गणिताला घाबरून थांबू नका. आधी चित्रे पाहा, आयोचा ठिपका शोधा, मग समीकरणांकडे वळा. येथे उत्तरे थोडी आहेत आणि काम पुष्कळ आहे. त्या कामात तुमचे मनःपूर्वक स्वागत.