राजधानी गेली, गाव राहिलं

जपान फिरायला गेलेला माणूस टोकियोवर थांबत नाही, नारा आणि क्योतोही बघतो. 710 साली नारा राजधानी झालं, 794 साली क्योतो, आणि 1868 नंतर राजधानी टोकियोला गेली. तरी जुन्या राजधान्यांची वाट लोक विसरले नाहीत. आपल्या खानदेशातही राजधानी अशीच फिरत राहिली. पण तिच्या जुन्या मुक्कामांवर आपण फारसे जात नाही.

पहिला मुक्काम शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. गुजरातेतून तापीकाठाने येणारी वाट या गावावरून जायची. फिरोजशाह तुघलकाने 1370 साली हा मुलूख मलिक राजाला दिला. 1382 पासून तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला आणि फारुकी घराणं सुरू झालं. 1399 साली तो वारला, त्याची कबर इथेच आहे. शेजारी पुढच्या फारुकी राजांचे घुमट आहेत.

त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला आणि तापीवर बऱ्हाणपूर वसवलं. उत्तरेतून दख्खनमध्ये उतरणारी वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती खानदेश, हे त्याने ओळखलं होतं. अकबरानेही ते ओळखलं आणि 1601 साली असीरगड जिंकला. पुढे 1631 साली मुमताज बऱ्हाणपुरातच वारली. ताजमहालाआधी तिचं दफन तापीपलीकडच्या जैनाबादला झालं होतं.

राजधानी गेली म्हणून थाळनेरची परीक्षा संपली नव्हती. जानेवारी 1818 मध्ये मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने मात्र किल्ला सोडला नाही. 27 फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपची फौज आली. बोलणी चालू असतानाच दरवाजात चकमक उडाली, इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली सुमारे 250 माणसं कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. 1819 साली या फाशीवरून थेट ब्रिटिश संसदेत प्रश्न उठले. लंडनमध्ये ज्या गावाचं नाव गाजलं, ते आज धुळ्याच्या कॉलेजातल्या किती जणांनी पाहिलं असेल?

इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने कारभारासाठी धुळं निवडलं, कारण ते मुंबई–आग्रा रस्त्यावर आणि मुलखाच्या मधोमध होतं. त्याने सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. क्योतोत ‘शिजो’ म्हणजे चौथा रस्ता. धुळ्यात गल्ली नंबर चार. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली याच शहरात वारले आणि गावोगाव फिरून त्यांनी जमवलेली कागदपत्रं सांभाळायला 1927 साली राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. 1906 साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्वेकडचं ठाणं जळगावला गेलं. ते रेल्वे आणि कापसावर वाढलेलं शहर.

नदीकाठची वाट, डोंगरातली वाट, मग हमरस्ता, मग लोहमार्ग. रस्ता बदलला की खानदेशची सत्ता त्याच्यामागे गेली. ही गोष्ट दोन दिवसांत फिरून बघता येते: एक दिवस जळगावहून भुसावळमार्गे बऱ्हाणपूर, दुसऱ्या दिवशी धुळ्यात मंडळ बघून, तापी ओलांडून थाळनेर. तिथे घुमटांपाशी थांबा, पण किल्ल्याच्या दरवाजापर्यंतही जा. तहात ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, ती माणसं तिथे लढली होती.