दृक्तंत्रिका मार्गविकृती

दोन्ही डोळ्यांच्या दृक्तंत्रिका मेंदूच्या तळाशी जिथे भेटतात त्या फुलीत तंतूंची वाटणी चुकण्याचा जन्मजात दोष. एरवी माणसात नाकाकडच्या बाजूचे तंतू फुलीत बाजू बदलतात, कानशिलाकडचे आपल्याच बाजूला राहतात; त्यामुळे डावीकडचे दृश्य उजव्या अर्धमेंदूत व उजवीकडचे डाव्यात पोचते. मेलॅनिन जन्मतः कमी असले, की कानशिलाकडचेही बरेच तंतू बाजू बदलतात.

प्राणी : १९६९ मध्ये गिलरी यांनी हा दोष सयामी मांजरात दाखवला. गिलरी व कास यांना १९७३ मध्ये तो पांढऱ्या वाघाच्या मेंदूतही आढळला. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातले पांढरे वाघ याच रंगप्रकाराचे. त्यांचे पट्टे काळे असतात, म्हणजे रंजक (मेलॅनिन) पूर्ण गेलेले नसते. तरी या दोषाशी निगडित तिरळेपणा वारंवार दिसतो. रीवा संस्थानात १९५१ मध्ये पकडलेल्या मोहन या वाघापासून, त्याच्याच मुलीशी संकर करून, १९५८ मध्ये पांढरी पिल्ले झाली. बंदिस्त पांढऱ्या वाघांचा वंश मुख्यतः तिथूनच वाढला.

दृष्टिबाह्यकाचे (मेंदूच्या दृश्य हाताळणाऱ्या बाह्य थराचे) समायोजन : या नोंदीचा गाभा हाच. मांजरांत दोन रीती आढळल्या. ह्यूबेल व वीझल यांनी १९७१ मध्ये बोस्टनला वर्णिलेल्या रीतीत भरकटलेल्या तंतूंचे दृश्य बाह्यकात नव्याने, क्रमवार मांडले जाते. दुसरीत, म्हणजे ‘मिडवेस्टर्न’ रीतीत, ते दाबून टाकले जाते. रंजकहीन, म्हणजे जन्मतः मेलॅनिन कमी असलेल्या, माणसांच्या चुंबकीय प्रतिमांत (हॉफमन व सहकारी, २००३) तिसरेच दिसले : एकाच बाह्यकावर दोन्ही बाजूंची दृश्ये आरशातल्यासारखी एकमेकांवर पडतात, तरी माणूस डावे-उजवे चुकत नाही. बाह्यकातील अंतर्गत जोडण्याच बदलत असाव्यात, असे मानले जाते. मेंदूची ही क्षमता थक्क करणारी आहे. मात्र दोन डोळ्यांनी मिळणारी खोलीची जाण बहुधा अपुरीच राहते.

उपचार : मार्ग पूर्ववत करणारा उपचार नाही.

स्थानिक संदर्भ : रंजकहीनता बहुधा अप्रभावी जनुकांमुळे येते. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत मराठवाड्यात आहे; अशा नात्यात रंजकहीनतेचा संभव वाढतो. तिला कोड समजू नये. कोड जन्मानंतर उमटते. बाळाची बुबुळे सतत हलत असतील, उजेड सोसत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांना लवकर दाखवावे. चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून कमी असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ‘अल्पदृष्टी’ प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.