हिवाळ्यापूर्वीचे भौतिकोपचार

हिवाळ्यापूर्वीचे भौतिकोपचार म्हणजे थंडीचा हंगाम सुरू होण्याच्या सहा ते बारा आठवडे आधीपासून केले जाणारे भौतिकोपचार (फिजिओथेरपी) होत. नियमित व्यायामाने स्नायूंचे बळ वाढविणे आणि गुडघा, खुबा, कंबर, खांदा व हात यांच्या सांध्यांवरील ताण कमी करणे हा त्यांचा उद्देश असतो. अस्थिसंधिवात (सांध्यांच्या झिजेचा विकार), जुनी कंबरदुखी व वार्धक्यातील स्नायुक्षीणता यांमध्ये ते उपयुक्त ठरतात. महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात या उपचारांना वेगळे महत्त्व आहे. कारण तेथे हिवाळा हा विश्रांतीचा नव्हे, तर कापूस वेचणीचा हंगाम असतो. त्याचबरोबर भूजलातील अतिरिक्त फ्लुओराइड आणि सिकलसेल आजार यांमुळे होणारी सांधेदुखीही या जिल्ह्यात आढळते. त्यामुळे व्यायाम सुरू करण्यापूर्वी दुखण्याचे कारण निश्चित करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्हा विदर्भातील अमरावती विभागात मोडतो. जिल्ह्यात १६ तालुके असून २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख खरीप पिके आहेत. सोयाबीनची कापणी साधारणतः सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये होते. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन टप्प्याटप्प्याने जानेवारीपर्यंत, काही ठिकाणी त्यापुढेही चालते.

वेचणीचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. कमरेत वाकून, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठवत आणि भरलेली ओटी रिकामी करण्यासाठी वारंवार ये-जा करत हे काम तासन्‌तास चालते. मजुरी बहुधा वेचलेल्या कापसाच्या वजनावर, म्हणजे किलोमागे ठरत असल्याने दुखत असतानाही काम थांबविणे परवडत नाही. गुडघा किंवा कंबर आखडल्यास त्याचा परिणाम थेट दिवसाच्या मिळकतीवर होतो.

थंडी आणि सांधेदुखी

थंडीमुळे सांध्यांची झीज होते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात हवामान आणि वेदना यांचा संबंध मर्यादित व व्यक्तिपरत्वे भिन्न असल्याचे आढळते. ब्रिटनमध्ये २,६५८ व्यक्तींच्या दैनंदिन नोंदींवर आधारित २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेदनेचा संबंध हवेतील आर्द्रता, हवेचा कमी दाब व वाऱ्याचा वेग यांच्याशी दिसला. तापमानाशी तसा स्वतंत्र संबंध दिसला नाही.

हिवाळ्यात त्रास वाढण्याची इतर कारणे अधिक महत्त्वाची मानली जातात. गारठ्यामुळे स्नायू आखडतात, सकाळचा ताठरपणा अधिक जाणवतो आणि हालचाल कमी होते. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रव्यातून होते आणि त्यासाठी हालचाल गरजेची असते. यवतमाळमध्ये हिवाळ्यातील दिवस उबदार, तर रात्री व पहाट थंड असतात. त्यामुळे सकाळचे आखडलेले शरीर थेट वाकून करावयाच्या कामाला लागते.

कार्यपद्धती

चालताना, पायऱ्या चढताना किंवा ओझे उचलताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू बळकट असल्यास ते या भाराचा धक्का पेलतात व सांधा स्थिर ठेवतात. स्नायू दुर्बल झाल्यास वेदना वाढते, वेदनेमुळे हालचाल कमी होते आणि हालचाल घटल्याने स्नायू आणखी दुर्बल होतात. हे चक्र तोडणे हे या उपचारांचे मुख्य कार्य होय. शरीराचे वजन कमी होण्यानेही सांध्याला लाभ होतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, वजन एक किलोने घटल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो.

व्यायामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत बळ वाढते ते प्रामुख्याने मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारे संदेश सुधारल्यामुळे. स्नायूंचा आकार व टिकाऊ शक्ती वाढण्यास सहा ते आठ आठवडे किंवा अधिक काळ लागतो. वेदना सुरू झाल्यावर घेतलेल्या चार-पाच दिवसांच्या उपचारांनी हे साध्य होत नाही.

कालनियोजन

विदर्भात बैलपोळा श्रावण अमावास्येला, तर लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला येते. मध्ये अधिक मास नसल्यास हे अंतर दोन चांद्रमासांचे, म्हणजे सुमारे ५९ दिवसांचे असते. साडेआठ आठवड्यांचा हा काळ स्नायुबलवर्धनासाठी लागणाऱ्या किमान कालावधीशी जुळतो. पोळ्याच्या सुमारास निंदणाचा मोठा भार ओसरलेला असतो. पुढे सोयाबीनची कापणी आल्याने दीर्घ व्यायाम शक्य होत नाहीत; म्हणून घरच्या घरी करता येणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम अधिक व्यवहार्य ठरतो.

प्रमुख व्यायाम

पुढील व्यायाम सामान्यतः सुचविले जातात. प्रत्येक व्यायामाची सुमारे दहा आवर्तने, दोन ते तीन वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस केली जातात.

मांडीचे आकुंचन: पाय पसरून बसावे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, तो गुडघ्याने खाली दाबावा व पाच ते दहा सेकंद दाब टिकवावा.

सरळ पाय उचलणे: पाठीवर झोपून एक गुडघा दुमडावा आणि दुसरा पाय सरळ ठेवून सुमारे एक फूट उचलावा.

कंबर उचलणे: पाठीवर झोपून दोन्ही गुडघे दुमडावेत व कंबर जमिनीपासून वर उचलावी. यामुळे नितंबाचे व पाठीचे स्नायू बळकट होतात.

उठबस: खुर्ची किंवा उंच ओट्यावरून हाताचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. प्रारंभी आधार घेण्यास हरकत नसते.

टाचा उचलणे: भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा वर उचलाव्यात.

हात व खांदे: भिंतीवर तळहात टेकवून शरीर मागेपुढे न्यावे, मुठींची उघडझाप करावी.

व्यायामादरम्यान सौम्य वेदना होणे धोकादायक मानले जात नाही. मात्र वाढलेली वेदना २४ तासांत पूर्वीच्या पातळीवर न आल्यास आवर्तने कमी केली जातात. कार्यक्रम सहज जमू लागल्यावर घोट्याला वाळूची लहान पिशवी बांधून भार हळूहळू वाढविला जातो. ज्या दिवशी हे व्यायाम नसतात, त्या दिवशी चालणे उपयुक्त असते.

कामातील सांधेसंरक्षण

व्यायामाइतकेच महत्त्व काम करण्याच्या पद्धतीला असते. ओटी पूर्ण भरण्याची वाट न पाहता ती लवकर रिकामी करणे, गाठोडी लहान बांधणे, अर्ध्या तासाने एकदा सरळ उभे राहून कंबर किंचित मागे वाकविणे आणि झाडाच्या खालच्या बोंडांसाठी केवळ कमरेत न वाकता गुडघेही थोडे दुमडणे, या सवयींनी ताण विभागला जातो. कापसाची प्रत टिकावी म्हणून दव वाळल्यावर वेचणी करण्याचा सल्ला दिला जातो. सकाळचा ताठरपणा कमी होण्यासही त्यामुळे वेळ मिळतो. कामापूर्वी पाच-दहा मिनिटे चालणे व सांधे हलविणे पुरेसे असते.

गुडघेदुखी असलेल्यांनी दीर्घकाळ उकिडवे बसणे टाळावे, असे सांगितले जाते. चीनमधील बीजिंग येथील २००४ च्या अभ्यासात तरुणपणी दीर्घकाळ उकिडवे बसणे आणि वृद्धापकाळातील गुडघ्याचा अस्थिसंधिवात यांचा संबंध आढळला होता. घरकामासाठी पाट किंवा लहान स्टूल, तर शौचासाठी उंच आसन हे त्यावरील सोपे पर्याय आहेत.

शेक व उपकरणे

भौतिकोपचार म्हणजे ‘मशीनचा शेक’, अशी समजूत ग्रामीण भागात आढळते. उष्ण शेक, विद्युत उद्दीपन किंवा ध्वनिलहरींचे उपचार यांमुळे काही काळ आराम वाटू शकतो. परंतु त्यांनी स्नायूंचे बळ वाढत नाही. घरी कोमट पाण्याच्या पिशवीने १५ ते २० मिनिटे शेक घेता येतो. सांधा लाल, गरम व सुजलेला असल्यास उष्ण शेक टाळला जातो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींना शेकोटी किंवा गरम पिशवीने नकळत भाजण्याचा धोका असतो.

विशेष दक्षता

फ्लुओरोसिस: जिल्ह्यातील केळापूर (पांढरकवडा), झरी जामणी आदी भागांत भूजलात फ्लुओराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची स्वीकारार्ह मर्यादा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ती १.५ मिलिग्रॅम धरली जाते. दीर्घकाळ अधिक फ्लुओराइड शरीरात गेल्यास अस्थिबंधांत क्षार साचून मान, पाठ व सांधे ताठर होतात. हनुवटी छातीला न टेकणे, हात डोक्यामागे न जाणे किंवा गुडघे न वाकवता पायाची बोटे न शिवता येणे ही त्याची प्राथमिक लक्षणे असू शकतात. येथे पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलणे हा पहिला उपाय ठरतो. व्यायामाने उरलेली हालचाल टिकविण्यास मदत होते. ताठर झालेल्या पाठीला किंवा मानेला झटका देणे अथवा जोराने रगडणे मज्जारज्जूस घातक ठरू शकते.

सिकलसेल: विदर्भातील गोंड, परधान यांसह अनेक समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. थंडी, पाण्याची कमतरता व अतिश्रम यांमुळे तीव्र वेदनेचे झटके येऊ शकतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याने तरुण वयातच खुबा निकामी होण्याचा धोका असतो. अशा रुग्णांना बर्फाचा शेक दिला जात नाही. व्यायाम सौम्य ठेवून भरपूर पाणी पिण्याचा व शरीर उबदार राखण्याचा सल्ला दिला जातो. तरुण व्यक्तीचा खुबा सतत दुखत असल्यास तो केवळ श्रमाचा परिणाम न समजता रक्ततपासणी व क्ष-किरण तपासणी करणे इष्ट असते. देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले.

ताप, सांध्याला अचानक आलेली सूज, पायांतील वाढता अशक्तपणा किंवा मलमूत्रावरील नियंत्रण जाणे ही लक्षणे असल्यास व्यायाम न करता तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

उपलब्धता

भारतात भौतिकोपचारांचे औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर सुरू झाले. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी २००२ चा स्वतंत्र राज्य कायदा करण्यात आला, तर केंद्रीय स्तरावर संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला. यवतमाळ येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. दूरच्या गावातील मजुराला रोज उपचारकेंद्रात येणे म्हणजे मजुरी बुडविणे असते. त्यामुळे एकदा तपासणी करून व्यायाम शिकून घेणे, ते घरी करणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा दाखविणे ही पद्धत सोयीची ठरते.

परिणामकारकता व मर्यादा

गुडघ्याच्या अस्थिसंधिवातावरील ५४ चाचण्यांच्या २०१५ मधील कोक्रेन आढाव्यात जमिनीवरील व्यायामांमुळे वेदना कमी होते व हालचाल सुधारते, असे दिसून आले. व्यायामाचा कार्यक्रम संपल्यानंतरही हा लाभ दोन ते सहा महिने टिकल्याचे आढळले. दिवाळीपूर्वी मिळविलेले बळ वेचणीच्या बहुतांश हंगामात उपयोगी पडू शकते, असे या कालावधीवरून दिसते. मात्र व्यायाम पूर्णतः थांबविल्यास परिणाम हळूहळू ओसरतो. झिजलेली कूर्चा व्यायामाने पूर्ववत होत नाही. तीव्र झीज झालेल्या काही रुग्णांना सांधेरोपण शस्त्रक्रियेची गरज भासते आणि अशा वेळीही शस्त्रक्रियेपूर्वी बळकट केलेले स्नायू पुनर्वसनास साहाय्यभूत ठरतात.