मोटारसायकल रॅली, दीर्घ पल्ल्याची
ठरलेल्या मुदतीत लांबचे अंतर दुचाकीवर कापण्याचा क्रीडाप्रकार. वेगापेक्षा दमसास आणि आखणी यांची येथे कसोटी लागते. अमेरिकेत 1984 मध्ये सुरू झालेली ‘आयर्न बट रॅली’ ही यांतली सर्वांत खडतर म्हणावी लागेल : 11 दिवसांत सुमारे 11,000 मैल (17,700 किमी). वाटेतल्या ठिकाणांना गुण असतात. कोणते गाठायचे, कोणते सोडायचे, झोप कधी घ्यायची, हे स्वारानेच ठरवायचे.

24 तासांत 1,000 मैल (सु. 1,610 किमी) ही ‘सॅडलसोअर’ चाचणी भारतातले स्वारही देतात. पेट्रोलची पावती हा तिचा मुख्य पुरावा. म्हणून पंप सोडण्यापूर्वी तीवरील वेळ, तारीख आणि गाव नीट वाचून घेतात.

अशा स्वारीतील आखणीचे एक उदाहरण : गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनी, देवरीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 नागपूर-रायपूर जोडतो. पूर्वेकडे निघालेल्या दूरच्या स्वारांना तो सोयीचा. मात्र नवेगाव-नागझिरा परिसरातील वन्यप्राणी हा रस्ता ओलांडतात. रात्री येथे वेग आवरलाच पाहिजे. हा टप्पा दिवसाउजेडी येईल अशी आखणी केलेली केव्हाही चांगली.