नक्षी, नदी आणि गाळ

भूगोलाच्या तासाला नदीचे कार्य शिकवताना आपण ‘नागमोडी वळणे’ म्हणतो. इंग्रजी पुस्तकात त्याच जागी ‘मीअँडर’ हा शब्द असतो. मूळचे हे एका नदीचे विशेषनाम आहे. तुर्कस्तानच्या पश्चिम भागातून सुमारे साडेपाचशे किलोमीटर वाहत येऊन एजियन समुद्राला मिळणाऱ्या नदीला प्राचीन ग्रीक लोक मायांद्रोस म्हणत. तुर्की भाषेत तिचे आजचे नाव ‘ब्युयुक मेंदेरेस’, म्हणजे मोठी मेंदेरेस. तिच्या मुखाशी मिलेटस, प्रिएनी, मायुस ही ग्रीकांची शहरे होती.

याच नावाची एक नक्षीही आहे. एकच रेघ काटकोनात वळते, आत शिरते, परत बाहेर येते आणि अशीच पुढे जात राहते. ग्रीक मंदिरांवर, मडक्यांवर, वस्त्रांच्या काठांवर ती सर्वत्र दिसते. रोमन कवी व्हर्जिल याने इ.स.पू. पहिल्या शतकात ‘ईनिड’ या महाकाव्यात एका झग्याच्या काठाचे वर्णन करताना नदीचेच नाव वापरले आहे. म्हणून अनेक पुस्तकांत सरळ लिहिलेले असते की, ग्रीकांनी ही नक्षी मायांद्रोसच्या वळणांवरून घेतली.

हे विधान आपण थोडे तपासून पाहू. अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात इ.स.पू. ७५०च्या सुमाराचा, दीड मीटरहून उंच असा एक रांजण आहे. थडग्यावर ठेवण्यासाठी तो घडवला होता. त्याच्या गळ्यापासून खालपर्यंत या नक्षीचे पट्टेच्या पट्टे आहेत. पण अशीच काटकोनी वळणे चीनमध्ये शांग काळातील काशाच्या भांड्यांवर आढळतात, आणि तो काळ या रांजणाच्या कितीतरी आधीचा. युक्रेनमधील मेझिन येथे तर मॅमथच्या दातावर कोरलेली, पंधरा हजार वर्षांहून जुनी नक्षी याच जातीची आहे. मेझिनच्या शिकाऱ्याने मायांद्रोस नदी पाहिली असण्याचा संभव नाही! चटई किंवा कापड विणताना उभे-आडवे धागे आपोआप काटकोनी आकृत्या घडवतात. नक्षीचा उगम तिकडे शोधणे आम्हाला अधिक सयुक्तिक वाटते. नदीने नक्षीला नाव दिले, एवढे मात्र खरे. भूगोलकार स्ट्रॅबो (इ.स.पू. पहिले शतक ते इ.स. पहिले शतक) नोंदवतो की, ही नदी इतकी वाकडी आहे की कोणत्याही वाकड्यातिकड्या गोष्टीला तिचेच नाव देतात. मुलांना सांगताना नाव आणि कारण यांतला हा फरक जरूर सांगावा.

नदी वळते कशी, हे समजण्यासाठी कपभर चहा पुरतो. पत्ती न गाळलेला चहा चमच्याने गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कडेला फेकली जाईल असे वाटते, पण ती तळाशी मध्यभागी गोळा होते. वरचा चहा वेगाने फिरतो आणि कडेकडे सरकतो, त्यामुळे कडेला दाब वाढतो. तळाचा चहा घर्षणाने मंदावलेला असतो. त्याला हा दाब मध्याकडे ढकलतो आणि पत्ती त्याच्याबरोबर जाते. नदीच्या वळणावर हेच घडते. वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळून तो खणते, आणि तळाचे पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे येते. मग बाहेरचा काठ खचत जातो, आतला पुढे सरकतो, वळण वाढतच राहते. जेम्स टॉमसन यांनी १८७६ साली हे स्पष्टीकरण दिले होते. १९२६ साली आइन्स्टाइन यांनी चहाच्या कपाचेच उदाहरण घेऊन ते पुन्हा मांडले.

खचणारा काठ कोणाच्या तरी शेताचा असतो. स्ट्रॅबोने ऐकीव म्हणून दिलेली एक हकिकत गमतीची आहे. नदीने काठ खाऊन शेतांच्या हद्दी बदलल्या की लोक मायांद्रोसवरच फिर्याद लावत. ती दोषी ठरली की तिचा दंड तरीच्या उताराच्या पैशातून भरला जाई.

पण या नदीचा खरा प्रभाव तिच्या वळणांपेक्षा तिच्या गाळात आहे. जुन्या काळी आजच्या मैदानाच्या जागी समुद्राचे आखात होते. मिलेटस त्याच्या तोंडाशी होते. चार बंदरे असलेले हे शहर व्यापारावर जगे. इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी सत्तेविरुद्ध उठलेल्या ग्रीक शहरांचे आरमार मिलेटससमोरच्या लादे बेटापाशी जमले. हिरोडोटसने जहाजांचा हिशेब दिला आहे: एकूण ३५३, त्यांत मिलेटसची ८०, प्रिएनीची १२ आणि मायुसची अवघी ३. ग्रीक हरले, मिलेटस जळाले. ते पुन्हा वसले तेव्हा रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणारे, सरळ रेषेत आखलेले होते. अशा नगररचनेशी ज्याचे नाव जोडले जाते तो हिप्पोडेमस याच गावचा. जगातल्या सर्वांत वाकड्या म्हणून गाजलेल्या नदीच्या तोंडाशी हे सरळ रस्त्यांचे शहर!

याच मिलेटसच्या थेलीजने पाणी हे सर्वांचे मूळ मानले. पाण्यातून जमीन वर येताना पाहूनच त्याला ते सुचले असावे, असा तर्क मोहक आहे; पण अ‍ॅरिस्टॉटल त्याचे संभाव्य कारण वेगळे देतो. अन्न आणि बीज ओलसर असते, हे पाहून थेलीज त्या मताला आला असेल, असे तो म्हणतो. तेव्हा आपणही तो मोह आवरावा. हिरोडोटसला मात्र गाळाची प्रक्रिया नक्की उमगली होती. नाईलने इजिप्तची भूमी कशी घडवली हे सांगताना तो मायांद्रोसच्या मैदानाचा दाखला देतो.

मायुसची कथा सर्वांत करुण आहे. इ.स.पू. ४९९ मध्ये नॅक्सॉसच्या मोहिमेवरून परतलेले आरमार तिथे नांगरले होते. पुढे अथेन्समधून परागंदा झालेल्या थेमिस्टोक्लीसला इराणच्या राजाने भाकरीसाठी मॅग्नेशिया, मद्यासाठी लॅम्पसॅकस आणि कालवणासाठी मायुस तोडून दिले, असे थ्युसिडिडीस लिहितो. तेथे मासळी मुबलक असणार. मग गाळाने खाडीचे तोंड बुजले, समुद्र हटला, मागे गोड्या पाण्याचे तळे उरले आणि त्यात डास इतके माजले की लोकांनी देवांच्या मूर्तींसह सामान उचलले व मिलेटस गाठले. इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनियसने पाहिले तेव्हा तिथे संगमरवराचे एक देऊळ तेवढे उभे होते.

याच पॉसेनियसने एवढ्या गाळाचे कारणही दिले आहे. ग्रीसमधील अ‍ॅकेलूस नदीचा प्रदेश ओसाड, नांगर न लागलेला. म्हणून तिच्या मुखासमोरची बेटे अजून जमिनीला जोडली गेली नाहीत. मायांद्रोस मात्र दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या फ्रिजिया व कॅरिया या प्रदेशांतून येते, म्हणून तिने प्रिएनी आणि मिलेटस यांमधला समुद्र थोड्याच काळात भरून काढला. दोन नद्या, एकीत नांगर आहे, दुसरीत नाही: प्रयोगशाळेत आपण ज्याला तुलनेचा नमुना म्हणतो तोच हा. जमिनीची धूप आणि शेती यांचा संबंध अठराशे वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणे मांडलेला पाहून आम्हाला आश्चर्य वाटले.

मिलेटसची बंदरेही पुढे बुजली. त्याचे अवशेष आज समुद्रापासून आठ-नऊ किलोमीटर आत आहेत. लादे बेटाची टेकडी झाली असून तिच्या भोवतीच्या मैदानात कापूस पिकतो. नकाशात मिलेटसच्या आग्नेयेला बाफा नावाचे मचूळ पाण्याचे सरोवर दिसेल. जुन्या आखाताचा उरलेला तुकडा तो.